विश्लेषण : सहा सिलिंडरचा सूर की चार सिलिंडरचा जोर? लाडकी स्पोर्ट्स कार देऊन दुसरी घ्यावी का?

समजा, पुण्यातील एका डॉक्टरांकडे २०१४ ची पोर्शे बॉक्स्टर आहे. रविवारी पहाटे पाचला निघायचे, पसरणी घाट चढायचा, पाचगणीत चहा घ्यायचा आणि ऊन तापायच्या आत घरी परतायचे, हा त्यांचा अनेक वर्षांचा शिरस्ता. शेजारच्या आसनावर बसणारी शाळकरी मुलगी आता स्वतः गाडी चालवण्याच्या वयाची झाली आहे. अशात ओळखीच्या विक्रेत्याकडे २०१८ ची ७१८ बॉक्स्टर येते. कमी फिरलेली, जास्त ताकदीची, जास्त वेगवान. ‘जुनी द्या, वरचे पैसे भरा आणि ही घेऊन जा,’ असा विक्रेत्याचा प्रस्ताव. कागदावर निर्णय अगदी सोपा; तरी महिना उलटला तरी तो होत नाही.

डॉक्टर कल्पित आहेत, कोंडी मात्र खरी आहे. २०१६ पासून जगभरातील बॉक्स्टर आणि केमनचे मालक तिच्याशी झुंजत आहेत. दोन्ही गाड्या एकाच कंपनीच्या, दिसायला जवळपास सारख्या, इंजिन दोन्हींत आसनांच्या मागे. फरक आहे तो त्या इंजिनात. आवडती स्पोर्ट्स कार देऊन दुसरी घेताना नेमके काय मिळते, काय जाते आणि निर्णय कसा घ्यावा, हे या उदाहरणातून समजून घेऊ.

दोन गाड्यांत फरक काय?

डॉक्टरांची बॉक्स्टर ‘९८१’ पिढीतील आहे. ही पिढी २०१२ मध्ये आली. जानेवारी २०१६ मध्ये पोर्शेने तिची पुढची आवृत्ती जाहीर केली आणि नावामागे ७१८ हा आकडा लावला. मूळ आवृत्त्यांचे कंपनीने दिलेले आकडे असे :

• इंजिन : ९८१ मध्ये २.७ लिटर, सहा सिलिंडर, टर्बो नाही. ७१८ मध्ये २ लिटर, चार सिलिंडर, टर्बो

• कमाल शक्ती : २६५ पीएस, ३०० पीएस

• कमाल टॉर्क : २८० न्यूटन मीटर, ४,५०० ते ६,५०० आरपीएमदरम्यान, ३८० न्यूटन मीटर, १,९५० ते ४,५०० आरपीएमदरम्यान

• शून्य ते १०० किमी (ड्युअल क्लच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) : ५.७ सेकंद, ४.९ सेकंद

यातला महत्त्वाचा आकडा शक्तीचा नाही, टॉर्कचा आहे. नव्या गाडीचा टॉर्क १०० न्यूटन मीटरने जास्त आहे, शिवाय तो दोन हजार आरपीएमच्या आतच पूर्ण हाताशी येतो. जुन्या गाडीत इंजिन साडेचार हजारांवर नेल्याखेरीज पूर्ण टॉर्क मिळत नाही. म्हणजे एक गाडी मागितल्याबरोबर देते, दुसरी आधी मेहनत करायला लावते.

पोर्शेने सहाचे चार का केले?

कारण इंधन आणि उत्सर्जनाचे नियम. इंजिन लहान केले की अंतर्गत घर्षण कमी होते आणि सावकाश चालवताना इंधन वाचते. लहान इंजिनाची ताकद भरून काढण्याचे काम टर्बो करतो. बाहेर जाणाऱ्या तप्त वायूने एक चक्र फिरते, ते दुसऱ्या चक्राला फिरवते आणि सिलिंडरमध्ये हवा दाबून भरली जाते. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त आणि म्हणून जोर जास्त. त्या दशकात जवळपास सगळ्याच कंपन्या या वाटेने गेल्या.

पोर्शेने त्याला इतिहासाचा आधारही दिला. ७१८ हे नाव १९५७ च्या शर्यतीच्या गाडीचे. तिच्यात चारच सिलिंडरचे बॉक्सर इंजिन होते आणि सिसिलीतील टार्गा फ्लोरिओ ही खडतर शर्यत तिने १९५९ आणि १९६० अशी सलग दोन वर्षे जिंकली होती. तरीही अनेक जुन्या मालकांना नव्या गाडीचा आवाज पटला नाही.

आवाजाचा एवढा बाऊ कशासाठी?

हा नुसता हळवेपणा नाही, त्यामागे साधे गणित आहे. फोर स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दर दोन फेऱ्यांना एकदा स्फोट होतो. सहा सिलिंडर असतील तर एका फेरीत तीन स्फोट, चार असतील तर दोन. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल तर सेकंदाला १०० फेरे झाले. म्हणजे सहा सिलिंडरच्या इंजिनाचा मूळ स्वर ३०० हर्ट्झ आणि चार सिलिंडरच्या इंजिनाचा २०० हर्ट्झ.

तीनास दोन हे प्रमाण गाणाऱ्यांच्या ओळखीचे आहे. तो षड्ज-पंचम भाव. चार सिलिंडरच्या इंजिनाचा स्वर ‘सा’ धरला, तर तेवढ्याच फेऱ्यांना सहा सिलिंडरचे इंजिन ‘प’ वर असते. त्यात ९८१ चे इंजिन ७,८०० आरपीएमपर्यंत चढते, म्हणजे स्वर ३९० हर्ट्झपर्यंत जातो. टर्बोच्या गाडीत बाहेर पडणाऱ्या वायूच्या वाटेत टर्बाइन येते. तिथे आवाजाची धारही थोडी बोथट होते.

दुसरा फरक पायाला कळतो. टर्बो नसलेल्या इंजिनात पाय जेवढा दाबाल, जवळपास त्याच क्षणी तेवढा प्रतिसाद येतो. टर्बोत चक्राने वेग घेईपर्यंत किंचित थांबावे लागते. ७१८ मध्ये ही दिरंगाई बरीच कमी केली आहे, पण वळणाच्या मध्यावर गाडी नेमकी तोलून धरायची असेल तेव्हा ती जाणवू शकते.

ही तक्रार निराधार नव्हती, हे पुढे पोर्शेच्याच कृतीतून दिसले. २०२० मध्ये कंपनीने ७१८ च्या जीटीएस आवृत्तीत चार सिलिंडर काढून ४ लिटरचे, टर्बो नसलेले, ४०० पीएसचे सहा सिलिंडरचे इंजिन बसवले.

मग ७१८ कमी प्रतीची का?

अजिबात नाही. तिचे स्टिअरिंग ९८१ पेक्षा सुमारे १० टक्के अधिक थेट आहे, सस्पेन्शन नव्याने बांधले आहे आणि वळणावर ती जास्त ठाम वाटते. दोन गाड्या एकापाठोपाठ एक घाटात नेल्या, तर पुढे राहणारी गाडी ७१८ च असेल.

आपल्या रस्त्यांचा हिशेब केला तर तिची बाजू आणखी भक्कम होते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागात मोटारींना १०० किमीची मर्यादा आहे, समृद्धी महामार्गावर १२० ची. ९८१ चे गिअर लांब आहेत. मॅन्युअल गाडीचा दुसराच गिअर लाल रेषेपर्यंत ओढला, तर वेग १०० च्या पुढे जातो. म्हणजे सहा सिलिंडरचा तो प्रसिद्ध वरचा सूर मोकळेपणाने ऐकायला कायद्यात बसणाऱ्या जागा फार थोड्या. उलट ७१८ चा सगळा जोर दोन ते साडेचार हजार आरपीएममध्ये आहे. घाटात ट्रकच्या मागून सुरक्षितपणे पुढे निघताना नेमका तोच लागतो.

म्हणून पहिला प्रश्न ‘कोणती गाडी चांगली?’ हा नाही. ‘गाडी घेऊन आपण प्रत्यक्षात करतो काय?’ हा आहे. आठवड्यातले चार दिवस ती दवाखान्यात न्यायची असेल, तर कमी फेऱ्यांतला जोर रोज उपयोगी पडेल. ती फक्त रविवारी पहाटे निघत असेल, तर दोन-तीन सेकंदांसाठी ऐकू येणारा वरचा सूरच त्या सकाळीचे कारण असू शकतो.

तुलना करताना हमखास होणारी चूक

बहुतेक मालक आपली दहा-बारा वर्षे वापरलेली गाडी विक्रेत्याच्या चकचकीत गाडीशी ताडून बघतात. आपल्या गाडीचे शॉक अॅब्सॉर्बर थकलेले, बुश झिजलेले, टायर कडक झालेले. समोरच्या गाडीला नवे टायर आणि ताजे ब्रेक ऑइल. दहा मिनिटांची चक्कर मारून मालक ठरवतो, की नवी गाडी कितीतरी घट्ट आहे. पण आवडले ते नवे मॉडेल की नवे टायर?

टायरचे वय त्याच्या कडेवरच लिहिलेले असते. ‘डॉट’ खुणेच्या शेवटी चार अंक असतात. पहिले दोन उत्पादनाच्या आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१७’ असेल तर टायर २०१७ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी शिल्लक असली तरी इतके जुने रबर पकड सोडते.

त्यामुळे अदलाबदलीआधीचा सर्वांत स्वस्त प्रयोग म्हणजे आपलीच गाडी नीट करून घेणे. टायर, ब्रेक ऑइल, व्हील अलाइनमेंट आणि गरज असेल तर शॉक अॅब्सॉर्बर. हा खर्च वाया जात नाही. गाडी ठेवली तर उपयोगी पडतो, विकायची ठरली तरी गाडी चांगल्या स्थितीत समोर ठेवता येते. त्यानंतर दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर चालवाव्यात. थंड इंजिन सुरू करण्यापासून ते सोसायटीचा गतिरोधक ओलांडण्यापर्यंत सगळे त्यात आले.

अदलाबदलीचा खरा खर्च किती?

विक्रेता सांगतो तो ‘वरचा फरक’ हा खर्चाचा एक भाग. बाकीचा कागदावर मांडून बघावा.

• विक्रेत्याचा नफा दोनदा : तुमची गाडी घेताना एकदा आणि त्याची देताना एकदा. नोंदणीकृत विक्रेत्याला जुन्या गाडीवरील आपल्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी भरावा लागतो. दोन व्यक्तींमधील थेट व्यवहारावर तो नाही. थेट गिऱ्हाईक शोधण्यात वेळ जातो, पण फरक मोठा पडू शकतो.

• नोंदणी : महाराष्ट्रातील गाडीचा एकरकमी कर आधीच भरलेला असतो. परराज्यातील गाडी आणली, तर इथे पुन्हा कर भरून जुन्या राज्याकडे परताव्यासाठी अर्ज करावा लागतो. किंमत कमी दिसली तर आधी नंबर प्लेट कुठली आहे ते बघावे.

• विमा : नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. तो जास्तीत जास्त ५० टक्के मिळतो. गाडी विकताना कंपनीकडून त्याचे पत्र घेतले, तर तीन वर्षांच्या आत दुसऱ्या गाडीला लावता येतो.

• पहिल्या वर्षाची डागडुजी : आपल्या गाडीचे दुखणे मालकाला माहीत असते. दुसऱ्याच्या गाडीचे घरी आणल्यावर कळते. त्यासाठी वेगळी रक्कम बाजूला ठेवावी.

उलट बाजूही मांडायला हवी. जुनी गाडी ठेवणेही फुकट नाही. नोंदणीला १५ वर्षे झाली की दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. आयात गाडीसाठी त्याचे शुल्क २०२२ पासून ४० हजार रुपये आहे, वर राज्याचा पर्यावरण कर. २०१४ च्या गाडीवर ही वेळ २०२९ मध्ये येईल. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचाही प्रश्न आहे. आपल्या गाडीला किती टक्क्यांपर्यंत चालते, हे तिच्या मालक-पुस्तिकेत पाहावे.

तपासणीत काय बघायचे?

बॉक्स्टरचे छत कापडी आहे. त्याच्या कडेचे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या पानांनी आणि मातीने तुंबल्या, तर पाणी आत उतरते. कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसाळा काढलेल्या गाडीत हे आधी तपासावे. पुढच्या बंपरमागे रेडिएटर असतात. तिथेही पालापाचोळा साचतो, ओलसर राहतो आणि धातू गंजतो.

इंजिनाची नोंद संगणकात असते. पोर्शेच्या निदान यंत्रावर ‘ओव्हर-रेव्ह’ अहवाल काढता येतो. इंजिन मर्यादेच्या वर किती वेळा आणि किती तासांपूर्वी गेले, ते त्यात दिसते. मॅन्युअल गाडीत चौथ्याऐवजी चुकून दुसरा गिअर पडला असेल, तर तेही लपत नाही. विक्रेता हा अहवाल देण्यास तयार नसेल, तर ते एक उत्तरच आहे.

एक गैरसमजही दूर करायला हवा. ‘सहा सिलिंडरच्या बॉक्स्टरचे इंजिन कधीही बसते,’ असे सर्रास ऐकू येते. ती भीती इंटरमीडिएट शाफ्टच्या बेअरिंगची. हा भाग सुरुवातीच्या बॉक्स्टरपासून २००८ पर्यंतच्या इंजिनांत होता. २००९ च्या नव्या इंजिनांत तो राहिलाच नाही. त्यामुळे ९८१ केवळ या भीतीपोटी विकण्याचे कारण नाही.

विकताना कागदपत्रांत चूक नको

किल्ली दिली म्हणजे गाडी विकली, असे कायदा मानत नाही. फॉर्म २९ आणि ३० भरून मालकी हस्तांतरण करावे लागते. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवायचे असते. कर्ज फिटले असेल तर आरसीवरील बँकेचे नाव फॉर्म ३५ द्वारे काढून घ्यावे. विक्रेत्याकडे गाडी सोपवताना तो अधिकृत नोंदणीकृत आहे का, हे बघून फॉर्म २९सी द्वारे ताबा दिल्याची नोंद करावी. नोंदवहीत ज्याचे नाव, त्याचीच अपघातानंतर जबाबदारी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

परतीची वाट आहे का?

सगळे आकडे मांडून झाले की हा प्रश्न उरतो आणि तोच सर्वांत जड आहे. दोन निर्णयांचे वजन सारखे नसते. ७१८ आज घेतली नाही, तर पुढच्या वर्षी दुसरी ७१८ मिळू शकते. आज विकलेली आपली ९८१ पुन्हा मिळणे कठीण. त्या पिढीचे उत्पादन २०१६ मध्येच थांबले. भारतात अशा गाड्या मुळातच कमी विकल्या गेल्या. आणि परदेशातून आणावी म्हटले, तर तीन वर्षांपेक्षा जुनी मोटार आयात करायला आपल्याकडे सर्वसाधारणपणे परवानगी नाही. दुसरी ९८१ सापडली तरी ती ‘ती’ नसेल.

७१८ चेही दिवस सरले आहेत. पेट्रोलवरील ७१८ चे उत्पादन ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले. पुढची पिढी विजेवर आणण्याची पोर्शेची योजना आहे. वरच्या आवृत्त्यांत पेट्रोल इंजिन ठेवणार असल्याचे कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. त्यामुळे ‘आत्ता नाही तर कधीच नाही’ असे विक्रेता म्हणेल. पण हे वाक्य घेण्यापेक्षा विकण्याला जास्त लागू पडते.

मग ठरवायचे कसे?

गाडी बदलण्याचे कारण एका वाक्यात लिहावे. ‘नवी ०.८ सेकंदाने वेगवान आहे’ हे कारण असेल तर थांबावे. हा आनंद काही आठवड्यांत सवयीचा होतो. ‘रोज वापरायची आहे आणि गर्दीत जुन्या गाडीला सतत पिळावे लागते’ हे कारण असेल, तर ७१८ योग्य. ‘सहा सिलिंडर हवेच, पण जोरही हवा’ असे असेल, तर चार सिलिंडरची ७१८ घेऊन समाधान होणार नाही. पैसे साठवून जीटीएस ४.० ची वाट बघणे बरे. ‘जुनी गाडी वर्षभर कापडाखाली उभी आहे’ हे कारण असेल, तर ती चालवणाऱ्या माणसाकडे जाणे हेच तिच्या भल्याचे.

कारण लिहिताच आले नाही, तर निर्णय तीन महिने पुढे ढकलावा. तोवर टायर बदलावेत आणि गाडी चालवावी. तीन महिन्यांनीही नवीच डोळ्यासमोर येत असेल, तर खुशाल बदलावी.

डॉक्टरांच्या बाबतीत एक गोष्ट विक्रेत्याच्या हिशेबात बसत नाही. त्यांची मुलगी आता गाडी शिकलेली आहे. पसरणीच्या वळणांवर टर्बो नसलेले इंजिन हाताळणे, योग्य गिअर राखणे, आवाजावरून फेऱ्या ओळखणे हे तिला शिकवायचे असेल, तर ज्या गाडीच्या शेजारच्या आसनावर ती मोठी झाली तीच त्यासाठी बरी. अशा वेळी वरचा फरक बँकेत राहू द्यावा आणि पुढच्या रविवारी किल्ली तिच्या हातात द्यावी.